पांढऱ्या मलमाखालचा पिवळा थर

वाचकाचे पत्र : सप्रेम नमस्कार. पाच दिवसांपूर्वी उकळते पाणी सांडून माझ्या डाव्या मनगटाची वरची बाजू आणि त्यालगतचा हात भाजला. भाजलेला भाग साधारण माझ्या तळहाताएवढा आहे. दुसऱ्या दिवशी फोड फुटले. घरात गेल्या वर्षी आणलेली, अर्धी वापरलेली सिल्व्हर सल्फाडायझीनची ट्यूब होती. तेच पांढरे मलम मी सकाळ-संध्याकाळ जाडसर लावते आहे. आता जखमेवर पिवळसर राखाडी, चिकट थर जमला आहे. तो पू आहे का? तो खरवडून काढावा का? मलम किती दिवस लावायचे? माझी बहीण नवव्या महिन्यात आहे. तिच्या बोटाला कालच इस्त्रीचा चटका बसला. तिला हे मलम चालेल का? सासऱ्यांना मधुमेह आहे आणि त्यांच्या टाचेवर एक जुनी जखम आहे. त्यांनाही लावावे, असे घरात सगळ्यांचे म्हणणे आहे. कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर :

आपल्या पत्रातील ज्या प्रश्नाने आपल्याला सर्वांत जास्त घाबरवले आहे, त्याचे उत्तर आधी देतो. आपण वर्णन केलेला थर बहुधा पू नाही. तो नखाने, चमच्याने किंवा कोरड्या कापडाने खरवडू नका. मात्र ‘बहुधा’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे, कारण पत्रावरून जखम दिसत नाही, आणि आपली जखम मनगटाच्या सांध्यावर आहे. सांध्यावरचे भाजणे आकाराने लहान असले, तरी डॉक्टरांनी एकदा प्रत्यक्ष पाहिलेच पाहिजे. बरे होताना तिथली कातडी आखडली, तर मनगट पूर्ण वाकेनासे होऊ शकते. म्हणून पुढचे सगळे वाचाच, पण ते उद्याच्या तपासणीऐवजी नव्हे, तर तपासणीला जोड म्हणून वाचा.

आता तो थर. भाजलेल्या जखमेतून पहिले काही दिवस प्रथिनयुक्त पाणी सतत झिरपत असते. सिल्व्हर सल्फाडायझीनचे मलम त्या स्रावात मिसळले की दोन्ही मिळून एक पिवळट, कधी राखाडी, थोडासा बुळबुळीत पापुद्रा तयार होतो. ड्रेसिंग करणारी माणसे त्याला खोटी खपली म्हणतात. नाव समर्पक आहे, कारण तो दिसतो खपलीसारखा, भासतो पुवासारखा, आणि असतो मात्र वाळत चाललेले मलम आणि स्राव यांचा लगदा. शिकाऊ असताना मी स्वतः अशा थराला पू समजून, रुग्णाला प्रतिजैविक सुरू करावे अशी नोंद केली होती. ड्रेसिंगच्या खोलीतील ज्येष्ठ परिचारिकेने काही न बोलता ओल्या गॉजने तो थर उचलला, तर खाली स्वच्छ, गुलाबी, ओलसर जखम होती. तेव्हापासून धुतल्याशिवाय जखमेविषयी मत द्यायचे नाही, हा नियम मी पाळत आलो आहे.

पू आणि हा थर यांत फरक कसा करायचा, हे घरीही बऱ्याच अंशी कळते. खोटी खपली ओली केली की सैल होते आणि तिच्याखाली गुलाबी किंवा लालसर भाग दिसतो. तिला विशेष दुर्गंधी नसते, आणि जखमेभोवतीची निरोगी त्वचा दिवसागणिक शांत होत जाते. जंतुसंसर्गात याच्या उलट घडते. जखमेच्या कडेची लाली बाहेरच्या बाजूला पसरत जाते, तो भाग गरम आणि टणक लागतो, कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढते, स्राव दाट किंवा हिरवट होतो, वास येऊ लागतो, ताप किंवा हुडहुडी भरते, आणि कधी हातावरून काखेच्या दिशेने लाल रेघ चढलेली दिसते. यांपैकी काहीही दिसले तर उद्याची वाट न पाहता आजच दाखवावे. मधूनमधून आणखी एक गोंधळ होतो, तो असा की थराखालचा भाग पांढराफटक किंवा मेणासारखा निघतो आणि तिथे स्पर्शाची जाणीवही नसते. ते खोल भाजल्याचे लक्षण आहे, आणि त्यावर कोणतेही मलम हा उपाय नाही.

थर काढायचा तो धुऊन. ड्रेसिंग बदलण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, आपल्याला चालत असेल तर, पॅरासिटामॉलची नेहमीच्या मात्रेतील गोळी घ्यावी. वेदना सहन करत घाईघाईने केलेले ड्रेसिंग कधीच नीट होत नाही. हात साबणाने धुवावेत. जुने गॉज जखमेला चिकटले असेल, तर ओढू नये. त्यावर कोमट स्वच्छ पाणी किंवा सलाइन सोडत राहावे, आणि ते आपोआप सुटेपर्यंत थांबावे, मग त्याला दहा मिनिटे लागली तरी चालतील. नंतर ओल्या, मऊ गॉजने हलक्या हाताने, एका दिशेने पुसत मलमाचा लगदा उचलावा. जो भाग सहज निघतो तो निघू द्यावा. जो घट्ट धरून बसला आहे तो त्या दिवशी तसाच ठेवावा. रक्त येऊ लागले तर आपण गरजेपेक्षा जास्त घासले, एवढे समजावे आणि थांबावे. कारण त्या पापुद्र्याखाली जखमेच्या कडेने नव्या पेशींचा एक अतिशय पातळ पदर सरकत येत असतो, आणि दिवसातून दोनदा तो खरवडला गेला तर जखम भरायला लागणारे दिवस आपणच वाढवत असतो. शेवटी स्वच्छ कापडाने टिपून, न चोळता, जखम कोरडी करावी.

आपण सकाळ-संध्याकाळ मलम लावता असे लिहिले आहे, पण आधीचे धुऊन काढता की त्यावरच नवे लावता, हे लिहिलेले नाही. थराचे वर्णन वाचून दुसरी शक्यता अधिक वाटते. या औषधाच्या वापरात घरोघरी होणारी सर्वांत मोठी चूक हीच आहे. जुन्या मलमावर लावलेले नवे मलम जखमेपर्यंत पोहोचतच नाही. ते लगद्याची जाडी तेवढी वाढवते, आणि त्या ओलसर लगद्यात काय चालले आहे ते कुणालाच दिसत नाही.

हे मलम मुळात कशासाठी तयार झाले, ते थोडक्यात सांगितल्याशिवाय पुढचे मुद्दे पटणार नाहीत. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत शरीराचा मोठा भाग भाजलेले रुग्ण पहिल्या काही दिवसांच्या धक्क्यातून वाचले, तरी नंतर जखमेतील जंतू रक्तात उतरून दगावत असत, आणि त्या जंतूंत स्यूडोमोनास हा विशेष कुप्रसिद्ध होता. 1965 साली अमेरिकेतील कार्ल मोयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिल्व्हर नायट्रेटचे अर्धा टक्का द्रावण भिजवलेल्या पट्ट्यांतून वापरून दाखवले. जंतू आटोक्यात आले, पण चादरी, भिंती, हात, सगळे काळे पडे, आणि जखमेतून शरीरातील क्षार ओढले जाऊन रक्तातील सोडियम घसरे. त्याच काळातील दुसरे औषध, मॅफेनाइड, चांगले मुरत असे. पण ते लावताना असह्य आग होई आणि रक्तातील आम्लता वाढे. न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठातील चार्ल्स फॉक्स यांनी चांदी आणि सल्फाडायझीन हे सल्फा गटातील औषध यांचा संयोग करून बनवलेले मलम 1968 साली मांडले. ते लावताना फारसे दुखत नसे, डाग कमी पडत, आणि चांदी त्यातून हळूहळू सुटत असल्याने परिणाम काही तास टिके. चांदीचे आयन जंतूंच्या पेशीभित्तिकेवर आणि आवरणावर आघात करतात, त्यांच्या डीएनएला चिकटतात. सल्फाडायझीन जंतूंना वाढीसाठी लागणाऱ्या फोलेट या जीवनसत्त्वाच्या निर्मितीत अडथळा आणते. एक टक्का प्रमाणाचे हे मलम जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे.

म्हणजे हे मलम मोठ्या, खोल, संसर्गाची भीती असलेल्या भाजलेल्या जखमांसाठी, रुग्णालयातील विभागात, रोज धुणाऱ्या आणि रोज पाहणाऱ्या हातांसाठी बनले. तिथून ते घरातल्या औषधांच्या डब्यात आले आणि ‘भाजल्यावर लावायचे मलम’ झाले. या प्रवासात एक गोष्ट निसटली. हे मलम जंतूंना रोखते. ते जखम भरून आणत नाही. प्रयोगशाळेत पाहिले तर चांदी जंतूंप्रमाणेच त्वचेच्या नव्या पेशींनाही काही प्रमाणात मारक ठरते. उपचारांच्या चाचण्यांचे एकत्रित परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2013 साली वरवरच्या आणि मध्यम खोलीच्या भाजण्यावरील ड्रेसिंगचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात सिलिकॉनचा लेप असलेली किंवा जैवकृत्रिम आवरणाची (त्वचेची जागा घेणारी) ड्रेसिंगे जखम भरण्याच्या बाबतीत सिल्व्हर सल्फाडायझीनपेक्षा सातत्याने सरस आढळली. त्या चाचण्यांपैकी बऱ्याच फारशा चांगल्या दर्जाच्या नव्हत्या, हेही त्याच आढाव्यात नमूद आहे, त्यामुळे त्यातून टोकाचा निष्कर्ष काढू नये. तरीही तळहाताएवढ्या, स्वच्छ, वरवरच्या जखमेवर आठवडेच्या आठवडे हे मलम लावत राहण्याला माझ्या मते आज काही आधार उरलेला नाही. अशा जखमेला बहुतेक वेळा पेट्रोलियम जेलीने माखलेले, न चिकटणारे गॉज आणि त्यावर स्वच्छ पट्टी एवढे पुरते.

मग किती दिवस, या आपल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. उद्या डॉक्टरांनी जखम धुऊन पाहिल्यावर ती वरवरची आणि स्वच्छ निघाली, तर मलम थांबवून साधे न चिकटणारे ड्रेसिंग सुरू करावे का, हे आपण होऊन विचारा. ते बहुधा होकार देतील. जखम खोल असेल, तिच्यावर मृत कातडी असेल किंवा संसर्गाची शंका असेल, तर ते मलम चालू ठेवायला सांगतील. पण तेव्हाही किती दिवसांनी पुन्हा पाहायचे, याची तारीख ठरवून घ्या. वरवरची, फोड आलेली जखम साधारण दोन ते तीन आठवड्यांत कातडीने झाकली जाते. दोन आठवडे होऊनही निम्म्याहून अधिक भाग उघडाच असेल, तर तो सांध्यावर असल्यामुळे भाजलेल्या जखमांच्या तज्ज्ञाकडे जावे. तिसऱ्या आठवड्यानंतर भरणाऱ्या जखमेवर जाड, उंचवट्याचा व्रण राहण्याची शक्यता बरीच वाढते. नवी गुलाबी कातडी आली की मलम बंद. त्या कातडीवर चांदीचे काही काम नसते.

चालू ठेवायचे ठरले, तर लावण्याची रीत अशी आहे. मलम ट्यूबमधून थेट जखमेवर पिळू नये आणि डब्यात बोट बुडवू नये. स्वच्छ हातमोजा घालून किंवा निर्जंतुक लाकडी पट्टीने लागेल तेवढे एकदाच बाहेर काढावे, आणि उरलेले परत डब्यात ढकलू नये. थर साधारण दीड ते दोन मिलिमीटर, म्हणजे खालची जखम दिसणार नाही इतका असावा. त्याहून जाड थराने परिणाम वाढत नाही, लगदा वाढतो. मलम चोळायचे नसते, पसरायचे असते. ते जखमेच्या हद्दीतच राहावे, कारण भोवतालची चांगली कातडी सतत ओली राहिली की पांढरी पडून भुसभुशीत होते. वर गॉज आणि सैल पट्टी असावी. बोटे गार किंवा निळसर पडली, मुंग्या आल्या, तर पट्टी घट्ट झाली असे समजावे. दिवसातून एकदा बदलणे बहुतेकांना पुरते. स्राव जास्त असेल किंवा पट्टी भिजली, मळली तर दोनदा. पाण्याने मलम धुतले गेले की पुन्हा लावावे लागते. चेहऱ्यावर, विशेषतः डोळ्यांच्या आसपास, ते आपण होऊन लावू नये. तिथे कातडीचा रंग राखाडी होण्याची आणि मलम डोळ्यात जाण्याची भीती असते. हाताच्या भाजण्यात एक सोय मात्र उत्तम आहे. सगळा पंजा भाजला असेल, तर रुग्णालयात मलम लावून हात स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिक पिशवीत घालतात आणि पिशवी मनगटाशी सैल बांधतात, म्हणजे बोटे मोकळी राहून हलवता येतात. आपल्याला पिशवीची गरज नाही, पण त्यामागचे तत्त्व आपल्यालाही लागू आहे. दिवसातून अनेकदा मनगट वर-खाली आणि आजूबाजूला, दुखले तरी सहन होईल इतके, हलवत राहा आणि विश्रांतीच्या वेळी हात उशीवर उंच ठेवा.

गेल्या वर्षीची ट्यूब आजपासून वापरू नका आणि उद्या डॉक्टरांना दाखवून झाल्यावर टाकून द्या, मग तिच्यावर छापलेली मुदत उलटलेली नसली तरी. छापलेली तारीख न उघडलेल्या ट्यूबसाठी असते. एकदा उघडून कुणाच्या तरी जखमेसाठी वापरलेल्या ट्यूबच्या तोंडाशी त्या जखमेतले जंतू असू शकतात. काही उत्पादक तर 50 ग्रॅमची ट्यूब उघडल्यावर 7 दिवसांत आणि मोठा डबा 24 तासांत टाकून द्यावा, असे सांगतात, आणि एका रुग्णाची ट्यूब दुसऱ्याने वापरूच नये असा त्यांचा आग्रह असतो. चांदी प्रकाशाने आणि उष्णतेने काळवंडते. पांढरे मलम राखाडी किंवा तपकिरी झालेले दिसले, तर ते नवीन असले तरी वापरू नये.

आता आपल्या बहिणीविषयी. त्यांनी हे मलम लावू नये, आणि इथे मी ‘बहुधा’ म्हणणार नाही. सल्फा गटातील औषधे रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनावरची बिलिरुबिनची, म्हणजे काविळीत वाढणाऱ्या पिवळ्या द्रव्याची, जागा घेतात. गर्भारपणाच्या शेवटच्या दिवसांत ते औषध आईकडून बाळापर्यंत पोहोचले, तर जन्मतः मोकळे झालेले बिलिरुबिन बाळाच्या मेंदूत साचून कायमची इजा होण्याचा धोका असतो. याच कारणाने मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांना आणि पहिल्या दोन महिन्यांतील अर्भकांनाही ते लावत नाहीत. बोटावरच्या एका चटक्यातून किती औषध अंगात जाणार, असा प्रश्न कुणी विचारेल, आणि तो रास्त आहे. मोठ्या जखमांतून मलमातील सल्फाडायझीनचा सुमारे दहावा हिस्सा रक्तात उतरू शकतो, चांदी एक टक्क्याच्या आसपास. बोटाच्या चटक्यातून त्याचा अंशही जाणार नाही. पण ज्या चटक्याला मलमाची गरजच नाही, त्यासाठी तेवढाही अंश कशाला पत्करायचा? आपल्या बहिणीने बोट साबण-पाण्याने हळुवार धुवावे, फोड आला असल्यास तो फोडू नये, वर पेट्रोलियम जेली आणि स्वच्छ पट्टी लावावी. एवढ्यावर तो चटका बरा व्हावा. बाळ झाल्यावर, त्या अंगावर पाजत असतील त्या काळातही, आपल्या छातीवर किंवा हातावर हे मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

हे मलम कुणाला चालत नाही, याची यादी इथे संपत नाही, आणि आपण स्वतःलाही एकदा तपासून घ्यावे. पूर्वी को-ट्रायमोक्सॅझोलसारखे सल्फा औषध घेतल्यावर अंगावर पुरळ, ओठांवर किंवा तोंडात फोड, श्वासाला त्रास असे काही झाले असेल, तर हे मलमही वर्ज्य आहे. नाव चांदीचे असले तरी त्यात सल्फा आहे, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. जी-सिक्स-पी-डी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्यांत सल्फामुळे तांबड्या पेशी फुटू शकतात. यकृत किंवा मूत्रपिंड नीट काम करत नसेल, तर औषध शरीरात साठते. मोठ्या भागावर मलम सुरू केल्यानंतर दोन-चार दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झालेल्या आढळतात. बहुतेक वेळा त्या आपोआप पूर्ववत होतात, पण तेवढ्यासाठी रक्ततपासणी करत राहावी लागते, आणि म्हणूनच मोठ्या भाजण्यावर घरच्या घरी हे मलम लावण्याचा विचारच करू नये. आपल्या तळहाताएवढ्या जखमेत ही भीती नगण्य आहे. मलम लावल्यावर क्षणभर चुणचुणणे चालते; पण जखमेच्या बाहेर खाज, पुरळ किंवा नवे फोड आले, तर ते धुऊन टाकावे आणि पुन्हा लावू नये.

सासऱ्यांच्या टाचेची जखम भाजल्याची नाही, आणि तिच्यावर हे मलम लावून वाट पाहणे धोक्याचे आहे. मधुमेहात पायाची संवेदना आणि रक्तपुरवठा दोन्ही कमी झालेले असू शकतात. अशी जखम का भरत नाही, याचे कारण टाचेवर पडणारा दाब, रक्तवाहिनीतील अडथळा, हाडापर्यंत गेलेला संसर्ग किंवा अनियंत्रित साखर यांत असते, आणि ते मलमाने दूर होत नाही. पांढऱ्या लेपाखाली ती जखम झाकली मात्र जाते, आणि नेमके तेच नको आहे. त्यांना या आठवड्यातच पायाची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. पाऊल काळवंडलेले, सुजलेले किंवा वास येणारे असेल तर त्याच दिवशी. तोवर जखम धुऊन, कोरडे स्वच्छ ड्रेसिंग करून, त्या टाचेवर भार येऊ देऊ नये.

साधे खरचटणे, सुरीने कापणे, टाके घातलेली जखम यांनाही या मलमाची आवश्यकता नसते. तिथे साबण-पाणी आणि झाकण पुरते.

पत्रात आपण लिहिलेले नाही, म्हणून विचारतो : पाणी सांडले तेव्हा आपण हात नळाखाली किती वेळ धरला होता? हा प्रश्न आता उशिराचा आहे, पण घरात स्वयंपाकघर आणि इस्त्री असेपर्यंत तो पुन्हा उपयोगी पडेल. भाजल्याबरोबर 20 मिनिटे वाहत्या, गार पण बर्फाळ नसलेल्या पाण्याखाली तो भाग धरणे, हा सिद्ध झालेला प्रथमोपचार आहे, आणि भाजल्यानंतर तीन तासांपर्यंत त्याचा फायदा होतो. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ सूज यायच्या आत काढावे. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. लहान मूल किंवा मोठा भाग असेल, तर बाकीचे अंग उबदार ठेवावे, नाहीतर थंडी भरते. बर्फ, टूथपेस्ट, तेल यांपैकी काहीही लावू नये, आणि हे पांढरे मलमसुद्धा प्रथमोपचार नव्हे. डॉक्टरांनी जखमेची खोली पाहण्याआधी ते लावले, तर तळ झाकला जातो, आणि खोली ठरवायला धुण्याचा सगळा खटाटोप रुग्णाला पुन्हा सोसावा लागतो. रुग्णालयात जायचे असेल, तर जखमेवर स्वच्छ कापड किंवा स्वयंपाकघरातील पारदर्शक प्लास्टिकची पातळ फिल्म, गुंडाळून नव्हे तर नुसती पसरून, ठेवावी. चेहरा, पंजा, पाऊल, गुप्तांग, मोठे सांधे, विजेने किंवा रसायनाने भाजणे, धूर नाकातोंडात जाणे, हाताला किंवा पायाला सभोवार भाजणे, अशा प्रसंगी घरी थांबूच नये.

धनुर्वाताची आपली शेवटची लस कधी झाली, तेही आठवून ठेवा, डॉक्टर विचारतील. उद्या जाताना जुनी ट्यूब, टाकून देण्याआधी, सोबत न्या. सिल्व्हर सल्फाडायझीन असलेल्या काही मलमांत क्लोरहेक्सिडीनसारखी इतर औषधेही मिसळलेली असतात, आणि वेष्टनावरचा मजकूर वाचल्यावर तुम्हाला नेमके काय लागले आहे, ते डॉक्टरांना कळेल. आणि उद्या सकाळी जखम धुतल्यावर मलम अजिबात लावू नका. नुसते ओलसर गॉज आणि सैल पट्टी बांधून जा, म्हणजे डॉक्टरांना पहिल्याच नजरेत जखमेचा तळ दिसेल.